पाच धन्यांचा कारभारी : रोमन सरदार लिबेरियस



रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर साधारणपणे दोन चित्रे उभी राहतात. एक, जळणाऱ्या शहरांचे आणि घोडी फेकीत येणाऱ्या रानटी टोळ्यांचे. आणि दुसरे, मेजवान्यांत दंग असलेल्या ऐदी उमरावांचे. शाळेतल्या इतिहासाने ही चित्रे आपल्या मनावर इतकी पक्की ठसविली आहेत की, या दोहोंच्या मध्ये आणखी काही माणसे होती, ती रोज सकाळी कचेरीत जाऊन बसत होती, वसुलाचे हिशेब पाहत होती, लोकांचे तंटे तोडीत होती, हे आपल्या ध्यानातच येत नाही. राज्य बुडते तेव्हा राजा मरतो किंवा पळून जातो; पण दप्तर कोणाच्या तरी हाती राहतेच. ते ज्यांच्या हाती राहिले त्यांपैकी एका माणसाची हकीकत आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

त्याचे पूर्ण नाव पेट्रस मार्सेलिनस फेलिक्स लिबेरियस. इ. स. ४६५ च्या सुमारास तो जन्मला आणि ५५४ च्या सुमारास, जवळजवळ नव्वदी गाठून, मरण पावला. या दीर्घ आयुष्यात त्याने एकामागून एक पाच धन्यांची चाकरी केली. इटलीत, गॉलमध्ये, ईजिप्तमध्ये आणि सिसिलीत त्याने अधिकार गाजविला, आणि स्पेनच्या मोहिमेशीही त्याचे नाव निगडित झाले. एवढे असूनही सामान्य वाचकाला त्याचे नाव ठाऊक नाही. याचे कारण उघड आहे. त्याने ग्रंथ लिहिला नाही. त्याचा समकालीन बोएथियस तुरुंगात बसून ‘तत्त्वज्ञानाचे सांत्वन’ लिहिता झाला आणि अमर झाला. दुसरा समकालीन कॅसिओडोरस याने सरकारी पत्रांचा संग्रह आपल्या मागे ठेवला आणि तोही अमर झाला. लिबेरियसने मागे ठेवले ते केवळ काम. आणि काम केले म्हणून कोणी स्मरणात राहतो असे नाही.

पाच धनी बदलणाऱ्या माणसाला आपण साधारणपणे काय म्हणतो? वाऱ्याप्रमाणे पाठ फिरविणारा, संधिसाधू. लिबेरियस तसा होता काय, हा आजच्या व्याख्यानाचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्याच्या चरित्रातूनच शोधावयाचे आहे.

इटलीची बदललेली गादी

इ. स. ४७६ मध्ये पश्चिमेकडील रोमचा शेवटचा बादशहा, रोम्युलस नावाचा एक पोरगा, गादीवरून उतरविला गेला. त्याला उतरविणारा ओडोव्हाकार हा रोमच्याच नोकरीतला परकीय सेनानी. त्याच्या शिपायांची मागणी एकच होती : इटलीतील जमिनीचा तिसरा हिस्सा आम्हांला द्या. पोराच्या बापाने, ओरेस्टेसने, ती नाकारली आणि त्यात तो प्राणास मुकला. ओडोव्हाकारने बादशाही पदवी घेतली नाही. तो राजा म्हणवून घेऊ लागला. त्या वेळी लिबेरियस दहा-अकरा वर्षांचा असेल.

आता येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. बादशहा गेला, पण बादशाही यंत्र जसेच्या तसे राहिले. रोमची सिनेट भरत होती. दर वर्षी कॉन्सल नेमला जात होता आणि त्याच्या नावाने वर्ष ओळखले जात होते. मुलकी कारभाराचा प्रमुख, ज्याला प्रिटोरियन प्रीफेक्ट म्हणत, तो पूर्वीप्रमाणेच सारा वसूल करीत होता, फौजेला शिधा आणि पगार पोचवीत होता, आणि त्याच्या न्यायासनापुढे अपिले चालत होती. आपल्या भाषेत सांगावयाचे तर तो राज्याचा मुख्य दिवाण. तलवार गॉथांच्या आणि इतर परकीयांच्या हाती, लेखणी रोमनांच्या हाती, अशी ही वाटणी होती. रोमन सरदार घराण्यांपुढे दोनच मार्ग होते : आपल्या वाड्यांत आणि जमिनींवर स्वस्थ बसावे, किंवा नव्या राजाचे दप्तर सांभाळावे. लिबेरियसने दुसरा मार्ग पत्करला आणि तरुणपणीच तो ओडोव्हाकारच्या सेवेत शिरला.

धनी पडेपर्यंत

इ. स. ४८९ मध्ये पूर्वेकडील बादशहा झीनो याच्या संमतीने ऑस्ट्रोगॉथांचा राजा थिओडोरिक आपल्या सबंध लोकांसह, बायकामुले आणि गाड्या घेऊन, इटलीत उतरला. ओडोव्हाकारचा एकामागून एक लढायांत पराभव झाला आणि तो राव्हेनाच्या तटाआड जाऊन बसला. हा वेढा ४९३ पर्यंत चालला. या काळात अनेकांनी बाजू बदलल्या. काहींनी तर दोनदा बदलल्या. लिबेरियसने बदलली नाही. फेब्रुवारी ४९३ मध्ये तह झाला, दोघांनी मिळून राज्य करावयाचे ठरले, आणि थोड्याच दिवसांत एका मेजवानीत थिओडोरिकने आपल्या हाताने ओडोव्हाकारला ठार केले.

विजयी राजाने आरंभी असे जाहीर केले की, जे रोमन ओडोव्हाकारच्या बाजूला राहिले त्यांचे मृत्युपत्र करण्यासारखे नागरी हक्क काढून घेतले जातील. पाव्हियाचा बिशप एपिफेनियस याने रदबदली केली आणि तो हुकूम बऱ्याच अंशी मागे घेण्यात आला. अशा वातावरणात लिबेरियसचे काय व्हावयास पाहिजे होते? शेवटपर्यंत शत्रूच्या पदरी राहिलेला माणूस! परंतु थिओडोरिकने त्यालाच आपला प्रिटोरियन प्रीफेक्ट नेमले. त्या वेळी त्याचे वय तिशीच्या आत-बाहेर होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी थिओडोरिकने सिनेटला पाठविलेल्या एका पत्रात या निवडीचे कारण दिले आहे. पत्र कॅसिओडोरसच्या लेखणीचे आहे. त्याचा भावार्थ असा की, हा माणूस आमच्याकडे फितूर होऊन आला नाही. दुसऱ्याची मर्जी मिळावी म्हणून त्याने आपल्या धन्याचा खोटा द्वेष दाखविला नाही. पहिला धनी नाहीसा झाल्यावरच त्याने दुसरा राजा पत्करला. थिओडोरिक लिहावाचावयास फारसा शिकलेला नसेल, पण माणसे ओळखण्यात तो कच्चा नव्हता. जो पडत्या धन्याला सोडीत नाही तो आपल्यालाही सोडणार नाही, हे गणित त्याने अचूक मांडले.

जमिनीचा तिसरा हिस्सा

नव्या दिवाणापुढे जे काम आले ते कोणाचीही कसोटी पाहणारे होते. थिओडोरिकबरोबर आलेल्या लोकांची संख्या लाखाच्या घरात असावी असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांना वसवावयाचे होते, पोटापाण्याला लावावयाचे होते, आणि तेही अशा देशात की जेथे जमिनीचा प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी नावावर चढलेला होता. चार वर्षांच्या लढायांनी उत्तर इटलीतली शेते ओस पडली होती. गॉथांना समाधान वाटेल इतके द्यावे तर रोमन जमीनदार नागवतात. रोमनांना राखावे तर हत्यारबंद गॉथ चिडतात.

लिबेरियसने ओडोव्हाकारच्या वेळचाच तिसऱ्या हिश्शाचा पाया धरला. ओडोव्हाकारच्या शिपायांना जे मिळाले होते त्यातले पुष्कळसे गॉथांकडे वळविण्यात आले. वसाहत सबंध इटलीभर विखरून न टाकता मुख्यतः पो नदीच्या खोऱ्यात आणि आड्रियाटिक समुद्राच्या बाजूच्या प्रांतांत, जेथे फौज असणे जरूर होते तेथे, करण्यात आली. ज्याला हिस्सा मिळाला त्याला लेखी सनद मिळे. सनदेवाचून जमिनीत पाय टाकणाराला राजाचे न्यायालय हुसकून लावी. ज्या रोमन जमीनदाराच्या वाट्याला गॉथ भागीदार आला नाही, त्याने त्या बदली ठराविक कर भरावयाचा, म्हणजे भार सर्वांवर सारखा पडावा.

या तिसऱ्या हिश्शाचा नेमका अर्थ काय, याविषयी विद्वानांत मोठा वाद आहे. फार दिवसांची समजूत अशी की प्रत्यक्ष जमीनच तोडून दिली गेली. १९८० मध्ये वॉल्टर गॉफर्ट या इतिहासकाराने असे प्रतिपादन केले की, जमीन नव्हे तर तिच्यावरील सरकारी साऱ्याचा तिसरा भाग गॉथांना लावून दिला गेला. म्हणूनच मालकांनी आरडाओरड केली नाही. काही ठिकाणी एक पद्धत आणि काही ठिकाणी दुसरी, असा मध्यम पक्षही आहे. वाद कसाही सुटो; निष्पत्ती काय झाली याविषयी दुमत नाही. बिशप एन्नोडियसने लिबेरियसला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की, गॉथांच्या झुंडींना तू जमिनी दिल्यास आणि रोमनांना त्याचा चटकाही बसला नाही. जिंकणाऱ्यांना अधिकाची हाव राहिली नाही आणि हरलेल्यांना तोटा जाणवला नाही. कॅसिओडोरस तर म्हणतो की, शेजारामुळे एरव्ही भांडणे होतात, पण येथे जमिनीची भागीदारीच सलोख्याला कारण झाली. आणि लिबेरियसने कराचा दर न वाढविता खजिन्याचे उत्पन्न वाढविले.

यात स्तुतिपाठकाची अतिशयोक्ती आहे, हे मान्य केले पाहिजे. जमीन गमावणाऱ्या माणसाला काहीच वाटले नाही, हे कोणत्याही काळी संभवत नाही. पण एक पुरावा स्तुतीहून बळकट आहे. थिओडोरिकच्या राज्यात, ४९३ पासून ५२६ पर्यंत, म्हणजे तेहेतीस वर्षे, जमिनीच्या या वाटणीवरून इटलीत एकही मोठा उठाव झाला नाही. पश्चिम युरोपात त्या शतकात इतकी दीर्घ शांतता क्वचितच कोणाला लाभली. तिची पायाभरणी एका मुलकी अधिकाऱ्याच्या सनदांनी आणि खतावण्यांनी केली होती. त्याच सुमाराचे एक लहानसे पत्र आहे. रोम्युलस नावाच्या कोणा एका इसमाला आणि त्याच्या आईला लिबेरियसने लेखी करून दिलेली नेमणूक कायम राहावी, असे त्यात राजाचे आश्वासन आहे. हा रोम्युलस म्हणजे ४७६ मध्ये पदच्युत झालेला तोच बादशहा असावा, असा काही इतिहासकारांचा तर्क आहे. तर्क खरा असेल तर, पश्चिमेच्या शेवटच्या बादशहाची पेन्शन बांधून देणाराही आपला लिबेरियसच!

इ. स. ५०० मध्ये तो या पदावरून उतरला. त्याला ‘पॅट्रिशियन’ ही सर्वोच्च मानाची पदवी मिळाली आणि ५०७ मध्ये त्याचा मुलगा व्हेनान्शियस कॉन्सल झाला. दुसरा कोणी असता तर येथेच थांबून उरलेले आयुष्य जमिनींचे उत्पन्न खात आणि पत्रे लिहीत घालविता. लिबेरियसचे पाऊणशेहून अधिक पावसाळे अजून पुढे होते असे नव्हे, पण अर्धे आयुष्य मात्र खचित उरले होते.

गॉलमधील चोवीस वर्षे

इ. स. ५०७ मध्ये फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याने व्हिजिगॉथांचा राजा दुसरा अलारिक याला लढाईत मारले. दक्षिण गॉलचा समुद्राकाठचा मुलूख, आजचा प्रोव्हान्स, थिओडोरिकच्या सैन्याने ताब्यात घेतला. तीस वर्षांपूर्वी बंद पडलेली गॉलची प्रीफेक्टगिरी थिओडोरिकने पुन्हा उभी केली आणि ५१० च्या सुमारास लिबेरियसला आर्ल शहरी पाठविले. तो तेथे ५३४ पर्यंत होता. रोमन राज्यपद्धतीत असले अधिकार एक, दोन, फार तर चार-पाच वर्षांसाठी मिळत. एका प्रीफेक्टने चोवीस वर्षे एकाच जागी काढल्याचे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

हा प्रांत म्हणजे चहूकडून शत्रूंनी वेढलेली चिंचोळी पट्टी. उत्तरेस बर्गंडियन, त्यापलीकडे फ्रँक, पश्चिमेस व्हिजिगॉथ. कॉन्स्टन्टाईनपासून प्रीफेक्टकडे लष्करी काम नव्हते. लिबेरियसला मात्र दोन्ही पाहावे लागले. एकदा द्युरान्स नदीच्या काठी पलीकडच्या गॉथांनी फेकलेला भाला त्याच्या पोटात शिरला. त्याचे लोक पांगले. मरणोन्मुख अवस्थेत त्याने आर्लचा बिशप सीझेरियस याची आठवण काढली. बिशप धावून आला. त्याचे वस्त्र जखमेवर ठेवताच आपल्याला आराम पडला, असे लिबेरियस स्वतः सांगत असे, अशी हकीकत सीझेरियसच्या चरित्रात दिलेली आहे. त्याची पत्नी अग्रेशिया हिच्या दुखण्याचीही अशीच कथा त्या चरित्रात आहे. चमत्काराचा भाग श्रद्धेवर सोडू. पण एवढे निश्चित की, हा मुलकी अधिकारी सरहद्दीवर भाल्याच्या टप्प्यात उभा होता. ५३३ मध्ये कॅसिओडोरसने सिनेटला लिहिताना म्हटले की, लिबेरियस दिसावयास देखणा खराच, पण जखमांच्या व्रणांनी त्याचे रूप अधिक खुलले आहे.

३ जुलै ५२९ रोजी ऑरेंज या गावी त्याने बांधविलेल्या देवालयाच्या प्रतिष्ठेसाठी सीझेरियससह चौदा बिशप जमले. त्या निमित्ताने भरलेल्या धर्मसभेत ईश्वरी कृपा आणि मनुष्याची इच्छाशक्ती यांविषयीचे निर्णय झाले, आणि ते ख्रिस्ती धर्मशास्त्रात प्रमाण ठरले. त्या ठरावांखाली बिशपांबरोबर आठ गृहस्थांच्या सह्या आहेत, आणि त्यांत लिबेरियसची सही आहे. धर्मनिर्णयावर सरकारी अधिकाऱ्याने सही करावी यात त्या काळच्या लोकांना काही वावगे वाटले नाही. बिशप आणि प्रीफेक्ट हे एकाच शहराचे दोन खांब होते.

बोएथियसची वाट आणि लिबेरियसची वाट

लिबेरियस गॉलमध्ये असतानाच इटलीत ती प्रसिद्ध शोकांतिका घडली. सिनेटर अल्बिनस याने पूर्वेच्या बादशहाशी चोरून पत्रव्यवहार केल्याचा आरोप आला. दरबारातला मोठा अधिकारी बोएथियस त्याच्या बाजूने उभा राहिला आणि स्वतःच त्यात गुंतला. ५२४ च्या सुमारास त्याला देहान्त शिक्षा झाली. पाठोपाठ त्याचा वृद्ध सासरा सिमॅकस यालाही. ३० ऑगस्ट ५२६ रोजी थिओडोरिक मरण पावला तो या रक्ताचा डाग घेऊन.

या प्रसंगी लिबेरियसने काही केल्याचा उल्लेख नाही. तो आपल्या सरहद्दीवर राहिला. थिओडोरिकनंतर त्याचा दहा वर्षांचा नातू अथालारिक गादीवर बसला आणि त्याची आई अमालासुंथा राज्य चालवू लागली, तेव्हा गॉलमधील गॉथ आणि रोमन या दोघांकडूनही निष्ठेच्या शपथा घ्याव्यात, असे पत्र राव्हेनाहून लिबेरियसला आले आणि ते काम त्याच्याकडेच सोपविले गेले.

बोएथियसच्या तेजापुढे ही वागणूक फिकी दिसते, हे मी नाकारीत नाही. अन्यायाविरुद्ध उभा राहून मरणारा माणूस इतिहासाला हवाच असतो. परंतु बोएथियस ज्या सिनेटच्या, ज्या कायद्याच्या आणि ज्या शहरांच्या अब्रूसाठी मेला, ती शहरे त्या दिवशीही कोणी तरी चालवीत होतेच. सगळेच बोएथियस झाले असते तर गॉलच्या शेतकऱ्याचा तंटा कोणी तोडला असता? आणि सगळेच लिबेरियस राहिले असते तर राजाला ‘हे चूक आहे’ असे कोणी सांगितले असते? या दोन प्रश्नांपैकी एकच विचारून थांबणे हा अप्रामाणिकपणा होईल. आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याची पाळी लिबेरियसवरही आली. फक्त ती दहा वर्षे उशिरा आली.

राजदूताची साक्ष

इ. स. ५३४ च्या ऑक्टोबरात अथालारिक मरण पावला. अमालासुंथेने आपला चुलतभाऊ थिओडाहाड याला राज्यात भागीदार करून घेतले. या माणसाला प्लेटोच्या तत्त्वज्ञानाचा नाद होता आणि शेजाऱ्यांच्या जमिनी गिळण्याचाही. त्याने लवकरच राणीला पकडून बोल्सेना सरोवरातील एका बेटावर कैदेत टाकले. आता कॉन्स्टन्टिनोपलच्या बादशहा जस्टिनियनची समजूत घालणे भाग होते. कारण राणी त्याच्या आश्रयाची आशा धरून होती. यासाठी सिनेटरांचे एक शिष्टमंडळ निवडले गेले. त्यात सर्वांत वजनदार नाव लिबेरियसचे होते; त्याच्या जोडीला ओपिलिओ नावाचा दुसरा सिनेटर होता. बोएथियसवर आरोप करणाऱ्यांत ज्याचे नाव येते तोच हा ओपिलिओ, असे काही अभ्यासक मानतात.

थिओडाहाडचा हिशेब उघड होता. चाळीस वर्षे गॉथ राजांची इमानाने सेवा केलेला, अंगावर व्रण मिरविणारा हा वृद्ध सरदार बोलला की बादशहा ऐकेल. शिष्टमंडळ आड्रियाटिक ओलांडून गेले. ऑलॉन बंदरात त्यांची जस्टिनियनचा वकील पीटर याच्याशी गाठ पडली आणि तेथेच त्यांनी त्याला सगळी हकीकत सांगितली. पुढे दरबारात जस्टिनियनसमोर लिबेरियसने आणि इतरांनी जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. राणीला काही इजा झालेली नाही, असा हट्ट एकट्या ओपिलिओने धरला. हे सारे प्रोकोपियसने नोंदविले आहे, आणि लिबेरियस हा सत्याची चाड असलेला थोर मनाचा पुरुष होता, असे त्या ठिकाणी तो मुद्दाम सांगतो.

येथे आपण क्षणभर थांबू या. प्रोकोपियस हा बेलिसारियसचा चिटणीस, म्हणजे गॉथांच्या शत्रुपक्षाचा. कॅसिओडोरस हा गॉथ दरबाराचा लेखक. या दोघांचे लागेबांधे वेगळे, स्वार्थ वेगळे. असे असून दोघेही एकाच माणसाविषयी एकच गोष्ट सांगतात : हा विश्वास ठेवण्याजोगा आहे. कोणत्याही न्यायासनापुढे अशी साक्ष मोलाची ठरेल.

आणि तरीसुद्धा, वकिलाने आपल्याच राजाविरुद्ध परक्या दरबारात बोलावे, हा द्रोह नव्हे काय? शब्दाचा अर्थ काटेकोर धरला तर आहेच. पण लिबेरियसची निष्ठा ज्या राज्यव्यवस्थेवर होती ती थिओडोरिकने उभी केली होती. अमालासुंथा ही तिची वारस होती. आणि तिला कैद करून थिओडाहाडने त्या व्यवस्थेचाच पाया उखडला होता. इमान माणसाशी ठेवावयाचे की त्या माणसाने ज्याचे रक्षण करावयाचे त्याच्याशी, हा पेच त्या दरबारात त्याच्यापुढे उभा होता. त्याने सत्य सांगितले आणि इटलीत परत जाण्याचे दोर कापून टाकले. सत्तरीच्या उंबरठ्यावर, मुलूख, वाडे, जमिनी मागे टाकून तो कॉन्स्टन्टिनोपलात राहिला.

या सत्याची किंमत मात्र इटलीने मोजली. ५३५ मध्ये अमालासुंथेचा खून झाला. जस्टिनियनला युद्धाचे निमित्त मिळाले. बेलिसारियस सिसिलीत उतरला आणि जे युद्ध पेटले ते ५५४ पर्यंत, जवळजवळ वीस वर्षे, धुमसत राहिले. ५३७ मध्ये रोमचे पाणी आणणारे जलमार्ग तोडले गेले. ५३९ मध्ये मिलान उद्ध्वस्त झाले. ५४६ मध्ये गॉथ राजा तोतिला याने रोम घेतले आणि काही काळ ते थोर शहर जवळजवळ निर्मनुष्य झाले. लिबेरियस बोलला नसता तर युद्ध टळले असते, असे मात्र नाही. जस्टिनियनची नजर इटलीवर आधीपासून होती. पण ज्याने गॉथ आणि रोमन यांची भागीदारी जमविली, त्याच्याच डोळ्यांदेखत ती मोडली.

जस्टिनियनच्या पदरी

आता पाचवा धनी. ५३८ च्या सुमारास आणि नंतर काही वर्षे लिबेरियस अलेक्झांड्रियाचा अधिपती होता. ईजिप्त म्हणजे राजधानीचे धान्याचे कोठार, आणि धर्मपंथांच्या भांडणांचे आगर. तेथील धर्माध्यक्ष पॉल याच्या सांगण्यावरून सोएस नावाचा एक धर्मसेवक छळाने मारला गेला होता, आणि आधीचा अधिपती ऱ्होडन त्यात गुंतला होता. चौकशी लिबेरियसने केली. पॉलची उचलबांगडी झाली. ऱ्होडनने, पॉलचे ऐकत जा अशी आज्ञा देणारी खुद्द बादशहाची तेरा पत्रे पुढे केली; पण त्याचे डोके वाचले नाही.

या पत्रांचा धडा लिबेरियसने लक्षात ठेवला असेल तर नवल नाही. कारण थोड्याच काळाने तसल्याच पत्रांनी तोही पेचात सापडला. जस्टिनियनने त्याच्या जागी जॉन नावाच्या इसमाची नेमणूक केली. लिबेरियसच्या मित्राने विचारले तेव्हा बादशहाने ते नाकारले, आणि ‘आपली जागा घट्ट धरून राहा’ अशा आशयाचे पत्र लिबेरियससाठी दिले. त्याच वेळी ‘ताबा घ्या’ असे पत्र जॉनच्या चुलत्यालाही दिले! जॉन आला, लिबेरियस हटेना. दोन्ही पक्षांनी माणसे जमविली, मारामारी झाली आणि जॉन ठार झाला. लिबेरियसला राजधानीत बोलावण्यात आले. सिनेटने चौकशी करून, त्याने स्वसंरक्षणार्थ हत्यार उचलले असा निर्णय दिला आणि त्याला निर्दोष सोडले. बादशहाने मात्र गुपचूप त्याच्याकडून दंड वसूल केला, असे प्रोकोपियस आपल्या ‘गुप्त इतिहासा’त सांगतो. त्या ग्रंथात जस्टिनियनविषयी विष ठासून भरलेले आहे हे खरे. तथापि या प्रसंगात लिबेरियसला त्याने दोष दिलेला नाही.

गॉथ राजाने हरलेल्या शत्रूच्या नोकराला त्याच्या इमानाबद्दल दिवाणगिरी दिली. रोमन बादशहाने निर्दोष सुटलेल्या आपल्या नोकराकडून दंड घेतला. सुसंस्कृत कोण आणि रानटी कोण, हे ठरविताना केवळ नावांवर जाऊ नये, एवढे तरी यावरून शिकावयास हरकत नाही.

म्हातारपणीची मोहीम

इ. स. ५५० मध्ये तोतिलाने सिसिलीवर चाल केली. जस्टिनियनने आरमार सज्ज केले आणि त्याचे सेनापतित्व दिले लिबेरियसला! त्याचे वय त्या वेळी पंचाऐंशीच्या घरात होते. प्रोकोपियस सांगतो की, हा फार म्हातारा आणि युद्धात अननुभवी आहे असे वाटून बादशहाला पश्चात्ताप झाला आणि त्याने आर्टाबानीसला बदली म्हणून धाडले. पण तो निरोप पोचण्यापूर्वीच लिबेरियस सिसिलीला पोचला होता. सिरॅक्यूजला गॉथांचा वेढा पडलेला होता. या वृद्धाने ती फळी फोडून सबंध आरमार बंदरात घातले. तथापि आत अन्नाचा तुटवडा होता आणि बाहेर शत्रू प्रबळ. तेव्हा तो तेथून गुपचूप निघून पालेर्मोला गेला. मोठा विजय नाही, मोठा पराभवही नाही.

पण या मोहिमेचे दुःख जयापजयात नाही. सिरॅक्यूजच्या तटाबाहेर जे गॉथ उभे होते ते कोण? सत्तावन्न वर्षांपूर्वी ज्यांच्या बापांना आणि आजांना या माणसाने सनदा लिहून जमिनी मोजून दिल्या होत्या, त्यांची ही मुले आणि नातवंडे. त्या जमिनींवर जन्मलेल्या पिढीविरुद्ध जहाजे हाकण्याचे काम त्याच्याच नशिबी आले. त्याच्या मनात त्या वेळी काय आले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

जोर्दानीस हा इतिहासकार ५५१ च्या सुमारास लिहितो की, स्पेनमधील व्हिजिगॉथ बंडखोर अथानागिल्ड याच्या मदतीला धाडलेल्या फौजेवर लिबेरियसचे नाव होते. ५५३ च्या मे महिन्यात तो कॉन्स्टन्टिनोपलात दिसतो. धर्मसभेला येण्यास नकार देणाऱ्या पोप व्हिजिलियसची मनधरणी करावयास गेलेल्या सरदारांत तो आहे. त्यानंतर तो अखेर इटलीला परतला. १३ ऑगस्ट ५५४ रोजी जस्टिनियनने इटलीच्या नव्या व्यवस्थेचे फर्मान काढले. थिओडोरिकच्या काळातले हक्क त्यात मान्य झाले आणि तोतिलाने केलेले सारे रद्द झाले. म्हणजे लिबेरियसच्या सनदांची पिढी कागदावर पुन्हा खरी ठरली. पण त्या सनदा ज्यांना दिल्या होत्या ते लोकच राज्यकर्ते म्हणून उरले नव्हते. ५६८ मध्ये लोंबार्ड इटलीत उतरले, आणि त्या वेळी वाटणी करून देणारा लिबेरियस कोणी नव्हता.

समाधीवरचा एक शब्द

रिमिनी येथे मुलांनी त्याचे दफन केले. त्याच्या समाधीवरचा लेख आजही उपलब्ध आहे. त्यात त्याच्या इटलीतील आणि गॉलमधील अधिकारांचा उल्लेख आहे. परकीय फौजांना त्याने इटलीच्या लोकांत रीतीने वसविले, करार केले आणि कायदा दिला, असे म्हटले आहे. आणि हे मान त्याने पैसे मोजून विकत घेतले नाहीत, तर त्यांहून मोठी किंमत मोजली, ती म्हणजे ‘फिदेस’, असे सांगितले आहे. फिदेस म्हणजे इमान, दिलेला शब्द पाळणे.

पाच धन्यांच्या नोकराच्या थडग्यावर इमान हा शब्द! मुलांनी बापाची केलेली ही स्तुती म्हणून आपण ती सोडून द्यावी काय? आपण हिशेब करून पाहू. पहिला धनी मरेपर्यंत त्याने दुसऱ्याकडे तोंड वळविले नाही. दुसऱ्याची आणि तिसऱ्याची सेवा त्यांच्या मृत्यूपर्यंत केली. चौथ्याला सोडले, पण पडत्या काळात नव्हे, तर तो गादीवर बसला असताना. फायद्यासाठी नव्हे, तर खोटे बोलावयाचे नाकारून. आणि पाचव्याने फसविले तरी त्याची चाकरी टाकली नाही. संधिसाधू माणसाची वाट नेमकी याच्या उलट असते.

यावर कोणी म्हणेल की, त्याने केलेले सारे शेवटी धुळीला मिळाले. ते खरे आहे. रोमची सिनेट सहाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ नावापुरतीच उरली. पोप ग्रेगरीने तिच्यासाठी जाहीर शोक केला. गॉलची प्रीफेक्टगिरी ५३७ च्या सुमारास प्रोव्हान्स फ्रँकांकडे गेल्यावर संपली. पण राज्यकारभाराचे मोल केवळ तो किती शतके टिकला यावर ठरवावयाचे नसते. ज्या तेहेतीस वर्षांत इटलीच्या शेतकऱ्याने पेरले आणि तेच कापले, ती तेहेतीस वर्षे त्या शेतकऱ्यापुरती खरीच होती. एक पिढी जन्मली, वाढली आणि तिने शेजारच्या गॉथाशी फारसे भांडण न करता दिवस काढले.

इतिहासात राज्ये उठविणारांची चरित्रे आपण वाचतो आणि बुडविणारांचीही वाचतो. या दोहोंच्या मधल्या काळात दप्तर सांभाळणाऱ्यांचीही कधी तरी आठवण करावी, आणि त्यांना एकच प्रश्न विचारावा : तुझ्या अधिकारात सामान्य माणूस सुखाने झोपला काय, आणि वेळ आली तेव्हा तू खरे बोललास काय? या दोन्हींना ‘होय’ म्हणू शकणारे कारभारी कोणत्याही देशात, कोणत्याही काळात, फार नसतात. लिबेरियस त्यांपैकी एक होता, असे मला वाटते.